पिशवी काढायची नाही, वाचवायची! जगभरातल्या बायकांची कूस राखणाऱ्या डॉ. शिरोडकरांची गोष्ट

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात कडा नावाचं गाव आहे. नगरहून आष्टीला निघालं की वाटेत लागतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि या भागातल्या लोकांनी कित्येक वर्षं ज्याची वाट बघितली, ती गाडी एकदाची रुळावर आली.

कडा असो, आष्टी असो की पाटोदा, या पट्ट्यातल्या बायका दवाखान्याबद्दल बोलायला बसल्या की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात.

पहिलं म्हणजे, अमकीच्या पिशवीला टाका घातलाय.

आणि दुसरं, तमकीची पिशवी काढलीय.

दोन्ही वाक्यं गर्भपिशवीबद्दलची आहेत, पण अर्थ एकदम उलटे. पहिल्या वाक्यात एक डॉक्टर पोटातलं मूल टिकावं म्हणून धडपडतोय. दुसऱ्या वाक्यात बऱ्याचदा कॅन्सरची भीती असते आणि त्या भीतीपायी कायमचं काहीतरी गमावलेलं असतं.

आजची गोष्ट पहिल्या वाक्यातल्या टाक्याची आहे. हा टाका आज जगभर घातला जातो. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात, कुठेही जा, वैद्यकीय पुस्तकात त्याचं नाव एकच सापडतं, शिरोडकर स्टिच.

हे शिरोडकर कोण? तर गोव्यातल्या शिरोडा गावचे विठ्ठल नागेश शिरोडकर.

२७ एप्रिल १८९९ ला त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. गोव्यातली अनेक कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी बाहेर पडायची. विठ्ठलचं शालेय शिक्षण हुबळीत झालं आणि डॉक्टर व्हायला तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आला. हे कॉलेज म्हणजे जे. जे. हॉस्पिटलचं कॉलेज. तेव्हाही तिथे मुंबईच्या चाळींतले, गोदीतले, गिरणीतले गरीब पेशंट मोठ्या संख्येने यायचे.

१९२७ मध्ये शिरोडकरांनी प्रसूतीशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयात एमडी केलं. मग ते विलायतेला गेले. १९३१ मध्ये एफआरसीएस झाले. त्या काळात ही पदवी मिळवलेला भारतीय डॉक्टर म्हणजे फार मोठी गोष्ट होती. ते परत मुंबईत आले, जे. जे. मध्ये काम करू लागले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाले. १९५५ पर्यंत त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

आता त्यांच्याकडे येणाऱ्या बायका कोण होत्या ते बघूया, कारण टाक्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

काही बायकांना दिवस राहायचे. पहिले तीन महिने सुखरूप जायचे. घरात आनंद असायचा. आणि चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या महिन्यात फारशा कळा न येताच गर्भ पडायचा. एकदा नाही, दोनदा नाही, पुन्हा पुन्हा. बाळाची वाढ नीट, आईची तब्येत नीट, तरी मूल हाती लागायचं नाही.

आपल्याकडे अशा बाईच्या वाट्याला काय यायचं ते वेगळं सांगायला नको. नवस, गंडेदोरे, सासरचे टोमणे आणि शेवटी नवऱ्याचं दुसरं लग्न.

डॉक्टरांकडेही तेव्हा धड उपाय नव्हता. पलंगावर पडून राहा आणि हार्मोनची औषधं घ्या, एवढंच सांगितलं जायचं.

या हार्मोनच्या औषधांची एक वेगळीच कथा आहे. अमेरिकेत आणि युरोपात त्या काळी गर्भ टिकावा म्हणून डीईएस नावाचं औषध सर्रास दिलं जायचं. १९५३ मध्ये शिकागोतल्या एका अभ्यासात दिसून आलं की या औषधाचा गर्भ टिकण्यासाठी काहीच उपयोग होत नाही. तरी ते पुढे कितीतरी वर्षं दिलं जात राहिलं. मग एप्रिल १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ज्या आयांनी गरोदरपणात हे औषध घेतलं होतं, त्यांच्या मुलींना तरुणपणीच योनीमार्गाचा दुर्मिळ कॅन्सर होतोय. आईने बाळ वाचावं म्हणून घेतलेली गोळी बाळालाच नडली होती.

शिरोडकरांनी मात्र या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने बघितलं.

गर्भपिशवी ही उलट्या ठेवलेल्या मडक्यासारखी असते असं समजा. मडक्याचं तोंड खाली. या तोंडाला वैद्यकीय भाषेत गर्भाशयमुख म्हणतात. नऊ महिने हे तोंड घट्ट मिटलेलं असतं आणि बाळंतपणाच्या वेळी कळा आल्या की उघडतं. काही बायकांमध्ये मात्र ते सैल असतं. कधी जन्मापासून, कधी आधीच्या अवघड बाळंतपणात इजा झाल्यामुळे, कधी तिथे झालेल्या एखाद्या शस्त्रक्रियेमुळे. बाळ लहान असतं तोवर चालून जातं. वजन वाढायला लागलं की तोंड हळूहळू उघडतं आणि पाण्याची पिशवी खाली येते.

म्हणजे दोष रक्तात नाही, हार्मोनमध्ये नाही आणि बाईच्या नशिबात तर नाहीच. पोत्याचं तोंड सैल सुटलंय, एवढाच मामला आहे. मग उपाय काय? तोंड बांधायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण पोटात चार महिन्यांचं बाळ असताना त्या जागी शस्त्रक्रिया करायची, बाळाला धक्का लागू द्यायचा नाही, शेजारच्या लघवीच्या पिशवीला इजा होऊ द्यायची नाही, हे जोखमीचं काम होतं. त्याआधी काही डॉक्टरांनी गर्भ नसताना तोंडाची दुरुस्ती करून बघितली होती. शिरोडकरांनी गरोदरपणातच टाका घालायचं ठरवलं.

आता प्रश्न होता की बांधायचं कशाने? साधा दोरा मऊ मांसाला कापत जातो. शिरोडकरांनी त्या बाईच्याच मांडीतली एक पट्टी वापरली. आपल्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूंवर एक चिवट पडदा असतो. त्याची चिंधीसारखी अरुंद पट्टी काढायची, पिशवीच्या तोंडाभोवती जितकी वर नेता येईल तितकी वर न्यायची आणि बांधायची. शरीराचीच वस्तू असल्यामुळे ती शरीराला परकी वाटायची नाही. पुढे मांडीतल्या पट्टीऐवजी खास बनवलेली कृत्रिम फीत वापरात आली. दिवस भरत आले की टाका काढायचा आणि बाळंतपण होऊ द्यायचं. काहींच्या बाबतीत टाका तसाच ठेवून सिझर करायचं.

१९५५ मध्ये त्यांनी हा अनुभव लिहून काढला. कुठे? तर मद्रासहून निघणाऱ्या अँटिसेप्टिक नावाच्या भारतीय वैद्यकीय मासिकात. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या नामांकित नियतकालिकात नाही. तरीही बातमी जगभर गेली. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे डॉ. इयान मॅकडोनाल्ड यांनी याच कल्पनेवर एक सोपी पद्धत मांडली. बटव्याची नाडी ओढतो तसा टाका. आजही बऱ्याच ठिकाणी डॉक्टर हाच सोपा टाका घालतात. पण टाका जास्त उंचावर घ्यायचा असेल, तिथे शिरोडकरांची पद्धत लागते.

खरं सांगायचं तर हा टाका म्हणजे प्रत्येक गर्भपातावरचा रामबाण उपाय नाही. १९९३ मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. टाका घालावा की नाही, याबद्दल डॉक्टरांच्याच मनात शंका होती अशा सुमारे १,३०० बायकांचा तो अभ्यास होता. त्यात साधारण २५ टाक्यांमागे एका बाईला ठळक फायदा झाल्याचं दिसलं. म्हणजे सरसकट टाके घालण्यात अर्थ नाही. पण ज्या बाईची पुन्हा पुन्हा याच कारणाने कूस रिकामी होते, तिच्यासाठी तो आजही मोठा आधार आहे. शिरोडकरांनीही तो अशाच बायकांसाठी काढला होता.

बहुतेक ठिकाणी शिरोडकरांची गोष्ट इथेच संपते. पण त्यांचं बाकीचं काम बघितलं की लक्षात येतं, हा माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीमागे लागला होता.

अंग बाहेर येणं हा आजार आपल्याकडच्या बायकांना चांगला माहीत असतो. लागोपाठची बाळंतपणं, बाळंतपणानंतर आठ दिवसांत डोक्यावर हंडा, शेतातलं ओझं, यामुळे पिशवी खाली सरकते. सोपा इलाज म्हणजे पिशवीच काढून टाकणं. वय झालेल्या बाईचं ठीक आहे, पण पंचविशीतल्या बाईचं काय? तिला अजून मूल हवं असेल तर? शिरोडकरांनी पिशवी न काढता तिला पट्टीच्या आधाराने वर धरून ठेवण्याची शस्त्रक्रिया बसवली. झोळीसारखा आधार. ही शस्त्रक्रियासुद्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते.

ज्यांच्या गर्भनलिका बंद असायच्या, त्यांच्या नलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियांवरही त्यांनी काम केलं. तेव्हा टेस्ट ट्यूब बेबी वगैरे काही नव्हतं. नलिका उघडली तरच आशा.

गर्भ पडणारी बाई असो, अंग बाहेर आलेली असो की मूल न होणारी असो, शिरोडकर तिच्याकडे बघताना तिला पुढे काय हवंय याचा विचार आधी करत होते. अवयव काढून टाकणं सर्जनला सोपं जातं. तो जागेवर ठेवून कामाला लावणं अवघड असतं. त्यांनी अवघड वाट धरली.

१९६० मध्ये त्यांचं पुस्तक स्कॉटलंडच्या एडिनबर्गमधून प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ७ मार्चला ते गेले. बोस्टनच्या डॉक्टरांचा डीईएसबद्दलचा तो लेख त्यानंतर दीडेक महिन्याने आला. गोळ्यांची वाट सोडून या माणसाने टाक्याची वाट धरली होती, ती किती बरोबर होती हे कळायला ते राहिले नाहीत.

शिरोडकर गेल्यावर मात्र या टाक्याने असं एक काम केलं, ज्याची त्यांनी कदाचित कल्पनाही केली नसेल. इथे गोष्टीत कॅन्सर येतो.

साधारण हजार गरोदर बायकांमागे एकीला कॅन्सर निघतो. त्यात स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर जास्त आढळतो. एकीकडे बाळाच्या हालचाली जाणवतायत आणि दुसरीकडे हातात कॅन्सरचा रिपोर्ट, अशा बाईच्या मनाचं काय होत असेल याचा विचार करा. पूर्वी अशा वेळी बहुतेकदा एकच सल्ला मिळायचा, आई वाचवायची तर बाळ सोडा.

आता चित्र बदललंय. कॅन्सरचा डॉक्टर, बाळंतपणाचा डॉक्टर, बाळांचा डॉक्टर असे सगळे एकत्र बसून ठरवतात. पहिले तीन महिने उलटल्यावर काही प्रकारची केमोथेरपी गरोदरपणातही देता येते. २०१५ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी अशा १२९ मुलांचा अभ्यास मांडला. आईच्या पोटात असताना आईला कॅन्सर निघाला होता आणि बहुतेकींवर गरोदरपणातच उपचार झाले होते. या मुलांची वाढ इतर मुलांसारखीच होत असल्याचं दिसलं. दिवस पूर्ण भरायच्या आधी झालेल्या जन्माचा परिणाम मात्र काहींवर होता. प्रत्येक केस वेगळी असते. कॅन्सर कुठला, कुठल्या टप्प्यावर आणि महिना कितवा, यावर सगळं ठरतं. पण दोन जीवांपैकी एकच निवडा, हा निकाल आता ठरलेला राहिला नाही.

आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला सापडला तर?

पूर्वी त्यावर उपाय होता पूर्ण गर्भपिशवी काढणं. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात डॉ. डॅनियल दार्जाँ यांनी वेगळा विचार केला. कॅन्सर फक्त तोंडाशी आहे ना, मग तेवढं तोंड आणि आजूबाजूचा भाग काढू, वरची पिशवी ठेवू. पण मडक्याचं तोंडच काढल्यावर पुढे बाळ टिकणार कसं? तर उरलेल्या पिशवीच्या खालच्या टोकाला टाका बांधून. तोच विचार, जो ३२ वर्षांपूर्वी मुंबईच्या डॉक्टरने मद्रासच्या मासिकात मांडला होता.

या शस्त्रक्रियेनंतर जगभरात अनेक बायकांना मुलं झाली. बाळंतपण सिझरनेच करावं लागतं आणि दिवस भरण्याआधी बाळ होण्याचा धोका राहतो. पण कॅन्सरमधून उठलेली बाई स्वतःचं बाळ हातात घेते. ती ज्या डॉक्टरचे आभार मानते, त्याच्यामागे शिरोड्याच्या विठ्ठलचाही हात असतो. त्या बाईला हे नाव माहीत असेलच असं नाही.

आता परत कड्याकडे येऊया. दुसरं वाक्य अजून बाकी आहे.

आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर या तालुक्यांतली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी असो, ताप असो की गरोदरपण, सुट्टी नाही. अशात पोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की काही ठिकाणी तिला सांगितलं गेलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल.

२०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. साधारण सहा बायकांमागे एक. त्यातल्या कितीतरी जणी तिशी-चाळिशीतल्या होत्या.

सगळ्याच शस्त्रक्रिया चुकीच्या होत्या असं कुणी म्हणणार नाही. खरोखर कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव थांबत नसेल तर पिशवी काढावी लागते आणि त्याने जीव वाचतो. पण अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि तो औषधांनी बरा होतो. तेवढ्यावरून कॅन्सर होणार असं ठरत नाही. आणि पिशवीबरोबर बीजकोषही काढले गेले तर बाईची पाळी अकाली जाते, हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते. ज्या कामासाठी पिशवी काढली, ते काम करायलाच शरीर साथ देत नाही.

कॅन्सरची भीती खरी असेल तर तिची तपासणी करता येते, हे दाखवणारा पुरावा बीडच्या शेजारीच तयार झालाय. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीने एक मोठं काम केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेड्यातल्या बायका त्यात होत्या. त्यातल्या काहींची एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी झाली. आठ वर्षांनी बघितलं तर तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. २००९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरात त्याची दखल घेतली गेली.

म्हणजे बघा, पिशवी ठेवून कॅन्सर कसा रोखायचा याचं उत्तर मराठवाड्यातल्याच बायकांनी जगाला दिलंय. आणि पिशवी ठेवून मूल कसं टिकवायचं याचं उत्तर जे. जे. मधल्या एका डॉक्टरने दिलंय.

शिरोडकरांना जाऊन आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. आजही एखादी बाई चौथ्या महिन्यात टाका घालून घेते आणि पुढचे पाच महिने दिवस मोजत काढते. मूल झालं की ती डॉक्टरला पेढे देते, पाया पडते. असे डॉक्टर कड्यासारख्या गावांच्या आसपासही आहेत, जे घाई करत नाहीत, आधी तपासणी करतात, बाईला समोर बसवून समजावून सांगतात. त्यांचे आभार मानायलाच हवेत.

आणि तुमच्या घरातल्या कुणाला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितलं, तर आधी तीन गोष्टी विचारा. तपासणी झाली का? रिपोर्ट कुठे आहे? दुसरा काही उपाय आहे का? शक्य असेल तर रिपोर्ट घेऊन सरकारी किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे जा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. शिरोडकरांच्या कामाची सुरुवातही अशाच प्रश्नातून झाली होती, दुसरा काही उपाय आहे का?